शेजार वेगळा

"पेपर उत्तम आहे हो, पण आपल्या प्रश्नाचा नाही." पुण्यातल्या एका आरोग्य-संशोधक बाईंनी फोनवर सहज टाकलेलं हे वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून त्यांच्या टेबलाशी जाऊन बसलो. पूर्वी त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होत्या. सगळे त्यांना ताई म्हणतात.

त्या संशोधन-अभ्यासांचा आढावा घेत होत्या. मला वाटलं, गहू निवडतात तसं अभ्यास निवडणं असेल. ते केव्हाच आटोपलं होतं. आता निवडलेल्या अभ्यासांतून निघालेल्या एकेका निष्कर्षावर कितपत विसंबायचं, हे ठरवणं चाललं होतं. त्यासाठी ग्रेड-सर्क्वल नावाची पद्धत आहे. अभ्यासांतल्या उणिवा, सुसंगती, माहितीचा पुरेपणा आणि प्रस्तुतता, म्हणजे ती आपल्या प्रश्नाला लागू पडते का, असे चार निकष. पहिले तीन ताई झरझर उरकतात. चौथ्यापाशी पेन्सिल थांबते.

त्या दिवशी ती एका जुन्या आढाव्यापाशी थांबली होती. आरोग्य-संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेचा गुणात्मक संशोधनाचा हा पहिला आढावा, २०१३ सालचा. माता-बालआरोग्याचं काम करणाऱ्या, पण डॉक्टर-नर्स नसलेल्या कार्यकर्त्यांवरचा. "५३ अभ्यास होते त्यात," ताई म्हणाल्या. त्यांत काही लाभार्थींनी धास्ती बोलून दाखवली होती: कार्यकर्ती घरी आली की आपलं गुपित फुटेल, शेजारी भलतंच काही समजतील.

ताईंचा प्रश्न आदिवासी पाड्यांवरच्या आशांचा, म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्य-कार्यकर्तींचा. ही धास्ती तिथे लागू पडते का? जोडीच्या तरुण सहकाऱ्याने रकान्यात लिहिलं होतं, 'शंका नाही'.

"अरे, तिकडे दारावरची बेल वाजते, शेजारी पडद्याआडून बघतात. पाड्यावर बेल कुठली? आशा गावातलीच असावी लागते, बहुतेकदा कुणाची तरी सून. ती कुणाकडे गेली हे शेजारणीने बघायलाच नको. शेजारीण तिची नणंद असते!" मग जरा थांबून, "५३ मधले पाड्यावरचे किती, ते बघितलंस?"

शंका नोंदवायला तीन शब्द आहेत. माहिती भलत्याच ठिकाणची किंवा माणसांची असेल तर 'अप्रत्यक्ष', प्रश्नाच्या एखाद्याच भागाची असेल तर 'अंशतः', आणि कुठली तेच धड कळत नसेल तर 'अस्पष्ट'. ताईंनी 'अंशतः' लिहिलं, खोडलं, 'अप्रत्यक्ष' लिहिलं. खोडरबराचा चुरा फुंकून टाकला. उन्हातान्हात पाडे न फिरलेल्या माणसाने इथे कुठला शब्द लिहिला असता, हा विचार मला सोडेना. नियमावलीत तीन शब्द आहेत, नणंद नाही.

पण नुसता शब्द चालत नाही, कारणही लिहावं लागतं. ताईंनी लिहिलं, 'शेजार वेगळा'.

"ताई, इंग्रजीत काय लिहू?" तरुण सहकाऱ्याने विचारलं.

ताईंनी पेन्सिलचं टोक दातांत धरलं. मी निघालो तेव्हा इंग्रजीचा रकाना कोराच होता.