विश्लेषण : ‘सुपरहिरों’ची शालेय स्पर्धा आणि अक्कलकोटचे मैदान; हरलेल्या खेळाडूची नोंद कोण ठेवतो?

आठवी-नववीतल्या मुलांच्या मोबाइलवर सध्या जपानी ॲनिमे मालिकांची चलती आहे. त्यातली एक लोकप्रिय मालिका म्हणजे ‘माय हिरो अकॅडेमिया’. सुपरहिरो होण्याचे शिक्षण देणारी शाळा आणि त्या शाळेचा क्रीडा महोत्सव हा या मालिकेतला गाजलेला भाग. पालकांना ही नुसती मारामारी वाटते. पण पावसाळ्यात अक्कलकोट, मैंदर्गी, दुधनीच्या शाळांमध्ये तालुका स्पर्धेचे वारे वाहू लागतात, तेव्हा मुलांच्या मनात जे चाललेले असते, तेच या मालिकेत दाखवले आहे. स्पर्धेत जिंकणे आणि कुणाच्या तरी नजरेत भरणे या दोन गोष्टी एकच आहेत का, हा प्रश्न दोन्हीकडे आहे.

मालिकेतील स्पर्धा नेमकी काय आहे?

कोहेई होरिकोशी यांची ही चित्रकथा २०१४ मध्ये ‘वीकली शोनेन जंप’ या जपानी साप्ताहिकात सुरू झाली आणि २०२४ मध्ये संपली. ॲनिमे मालिका २०१६ मध्ये आली. कथेतल्या जगात सुमारे ८० टक्के लोकांना जन्मतः काही ना काही अचाट शक्ती असते. इझुकू मिदोरिया हा नायक मात्र शक्तीविना जन्मलेला. पुढे गुरूकडून त्याला शक्ती मिळते आणि तो ‘यूए’ या नामांकित शाळेत दाखल होतो.

शाळेच्या क्रीडा महोत्सवात तीन टप्पे असतात. आधी अडथळ्यांची शर्यत, मग मुलांच्या खांद्यावर स्वार बसवून खेळायची सांघिक लढत आणि शेवटी १६ जणांमध्ये एकास एक सामने. मिदोरिया पहिली शर्यत आपली शक्ती न वापरता, केवळ डोके चालवून जिंकतो. त्याचे बक्षीस काय, तर पुढच्या फेरीत त्याच्या डोक्यावर १ कोटी गुणांची पट्टी. म्हणजे सगळे त्याच्याच मागे लागणार! पुढे एकास एक सामन्यांत तो शोतो तोदोरोकीकडून हरतो. अंतिम सामन्यात कात्सुकी बाकुगो तोदोरोकीला हरवून विजेता ठरतो.

हरलेल्यांचे पुढे काय होते?

या कथेतली खरी गंमत स्पर्धा संपल्यावर आहे. हा महोत्सव देशभर टीव्हीवर दिसतो आणि व्यावसायिक हिरो तो नव्या मुलांच्या शोधात पाहतात. नंतर वर्गात फळ्यावर आकडे लागतात. कुणाला किती ठिकाणांहून उमेदवारीसाठी बोलावणे आले त्याचे. विजेत्या बाकुगोला ३,५५६ बोलावणी येतात. उपविजेत्या तोदोरोकीला ४,१२३. हरलेल्याला जिंकलेल्यापेक्षा जास्त!

ओचाको उराराका ही मुलगी १६ जणांच्या पहिल्याच सामन्यात बाकुगोकडून हरलेली असते, तरी तिला २० बोलावणी येतात. ती त्यातून हातघाईच्या लढतीत तरबेज असलेल्या हिरोकडे शिकायला जाते, कारण आपण कुठे कमी पडलो हे तिला कळलेले असते. तिच्या आई-वडिलांचा बांधकामाचा छोटा धंदा अडचणीत आहे. आपण हिरो व्हायचे ते पैसे मिळवून त्यांना सुखात ठेवण्यासाठी, असे ती मोकळेपणाने सांगते. पोलीस भरती किंवा सैन्य डोळ्यांसमोर ठेवून पहाटे धावणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

ही कल्पना जपानमध्ये कुठून आली?

‘उंदोकाई’ म्हणजे शाळेचा क्रीडादिन ही जपानमधली जुनी प्रथा आहे. तिची सुरुवात १८७४ मध्ये तोक्योतील नौदल प्रशिक्षण शाळेतल्या खेळांपासून झाल्याचे मानले जाते. मालिकेतली खांद्यावर स्वार बसवण्याची लढत हाही तिथल्या शाळांमधला खराखुरा खेळ आहे. होरिकोशी यांनी त्यात फक्त अचाट शक्ती मिसळल्या. आपल्याकडच्या कुणी खो-खो किंवा मल्लखांबावर अशी कथा रचावी, तसाच हा प्रकार.

अक्कलकोटच्या विद्यार्थ्यासाठी शिडी कशी असते?

महाराष्ट्रात शालेय स्पर्धा राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयामार्फत होतात. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे तीन वयोगट असतात. अक्कलकोटच्या शाळेतला खेळाडू आधी तालुका पातळीवर खेळतो. तिथे यश मिळाले की सोलापूर जिल्हा, मग पुणे विभाग, त्यानंतर राज्य. राज्य स्पर्धेतून निवडलेला संघ राष्ट्रीय शालेय स्पर्धेला जातो. या राष्ट्रीय स्पर्धा भरवणारा भारतीय शालेय खेळ महासंघ १९५४ पासूनचा आहे.

कागदावर ही शिडी सरळ दिसते. पण प्रत्येक पायरीला प्रवास, मुक्काम आणि बुडालेली शाळा आलीच. जिल्हा स्पर्धेसाठी सोलापूर गाठायचे तर अक्कलकोटहून सुमारे ४० किलोमीटर. सीमेवरच्या गावातून आणखी जास्त. विभागीय स्पर्धा पुणे किंवा अहिल्यानगर जिल्ह्यात असली, तर मुलाबरोबर कोण जाणार, इथून प्रश्न सुरू होतो. मुलगी असेल तर तो आधी विचारला जातो. तालुक्यात अनेक घरांत कन्नड बोलली जाते. शाळेत मराठी, मैदानावर दोन्ही आणि पुढच्या पायऱ्यांवर नवे पंच, नवी माणसे अशी सवय मुलांना करून घ्यावी लागते.

या स्पर्धांमध्ये पणाला काय असते?

पहिली गोष्ट, दहावी-बारावीला मिळणारे क्रीडा सवलतीचे गुण. ते स्पर्धेची पातळी आणि कामगिरीनुसार ठरतात.

दुसरी, सरकारी नोकरीतील खेळाडूंसाठीचे ५ टक्के समांतर आरक्षण. राज्याने ते २००५ मध्ये लागू केले. पदाच्या गटानुसार लागणारी कामगिरी वेगळी असते आणि तालुका किंवा जिल्ह्याच्या प्रमाणपत्रावर हा लाभ मिळत नाही. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे उघड झाल्यापासून पडताळणीही काटेकोर झाली आहे.

तिसरी, पुढचे प्रशिक्षण. ‘खेलो इंडिया’ योजनेत निवड झालेल्या खेळाडूवर वर्षाला ६ लाख २८ हजार रुपये खर्चाची तरतूद आहे. त्यापैकी १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला १० हजार रुपये, किरकोळ खर्चासाठी खेळाडूला मिळतात. बाकीचा खर्च प्रशिक्षण, आहार, निवास यांवर होतो. २०२५ मध्ये बिहारमध्ये झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत महाराष्ट्र १५८ पदकांसह पहिला आला. राज्य वरच्या पायरीवर भक्कम आहे. प्रश्न आहे तो खालच्या पायरीचा.

एका पराभवाने वर्ष कसे संपते?

कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल यांसारख्या खेळांचे तालुका सामने बहुधा बाद पद्धतीने होतात. हरला की बाहेर. एका शाळेचा संघ कमकुवत असला, तर त्यातली एखादी उत्तम खेळाडूही पहिल्याच दिवशी घरी जाते. तिची उडी, तिची चपळाई कुणी पाहिली असेल तर ठीक. कागदावर उरतो तो फक्त निकाल.

दुसरी अडचण वयाची. १४ वर्षांखालील गटात दोन मुलांच्या वयात महिन्यांचा फरक असला, तरी उंची आणि ताकदीत तो मोठा दिसतो. वयोगटाच्या मोजणीत आधी जन्मलेली मुले निवडीत जास्त दिसतात, हे कॅनडातील आइस हॉकीच्या अभ्यासातून १९८० च्या दशकात पुढे आले आणि नंतर इतर खेळांमध्येही आढळले. आपल्याकडे त्यात आणखी एक भर. शाळेत नाव घालताना १ जून ही जन्मतारीख लिहून टाकण्याची जुनी पद्धत किती घरांत होती, हे सांगायला नको. जन्मनोंदणी वाढल्यावर ती कमी झाली. तरी दाखल्यावरची तारीख आणि मुलाची वाढ यांचा मेळ नेहमीच बसत नाही. उशिरा वाढणारे मूल ‘याच्यात दम नाही’ म्हणून बाजूला पडते.

जिंकल्याशिवाय निवड होऊ शकते का?

होऊ शकते, आणि हा दरवाजा पालकांना कमी माहीत असतो. राज्य सरकारच्या निवासी क्रीडा प्रबोधिनी १९९० च्या दशकापासून सुरू आहेत. तिथे लहान वयातल्या मुलांची निवड करताना शारीरिक क्षमतेच्या चाचण्या घेतल्या जातात. उंची, वजन, ३० मीटर धाव, ६ गुणिले १० मीटर शटल रन, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, लवचिकता आणि ८०० मीटर धाव अशी ही मोजमापे असतात. इथे समोर प्रतिस्पर्धी नसतो; असते फक्त टेप आणि घड्याळ. योगायोग असा की, मालिकेतल्या शाळेतही पहिल्याच दिवशी वर्गशिक्षक मुलांची धाव, उडी आणि चेंडूफेक मोजतात. क्रीडा महोत्सव नंतर येतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण स्वप्नील कुसाळे. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा. वडिलांनी त्याला २००९ मध्ये क्रीडा प्रबोधिनीत घातले. वर्षभराच्या सर्वसाधारण प्रशिक्षणानंतर एक खेळ निवडायचा होता. त्याने नेमबाजी निवडली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात त्याने कांस्यपदक जिंकले. खेळ ठरण्याच्या वर्षभर आधी तो प्रशिक्षणात आलेला होता, हे इथे महत्त्वाचे.

खाशाबा जाधवांची वाट वेगळी होती का?

ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक पदक मिळवणारा महाराष्ट्राचा खेळाडू कुसाळेच्या आधी एकच होता, तोही ७२ वर्षांपूर्वी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकलेल्या खाशाबांना कुस्तीचे धडे घरातच, वडिलांकडून मिळाले. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले. मातीत तयार झालेल्या या मल्लाला तिथे मॅटवर खेळावे लागले होते. सहावा क्रमांक म्हणजे पराभव, असे म्हणून विषय संपला असता.

तो संपला नाही, कारण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. १९५२ मध्ये हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक आणले. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी खाशाबांच्या तसबिरीला हार घातला जातो. हरून आलेल्या विद्यार्थ्यावर विश्वास ठेवणाऱ्या प्राचार्यांचीही त्या दिवशी आठवण व्हायला हवी.

तालुक्याच्या पातळीवर काय करता येईल?

यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. वर्षातून दोनदा, जून आणि जानेवारीत, शाळेने प्रत्येक मुलाची ३० मीटर धाव, उभी उडी आणि ८०० मीटर धाव मोजून वहीत लिहावी. सहा महिन्यांत कोण किती सुधारला, हे त्यातून दिसते. सामन्यात ते दिसत नाही. ज्या शाळेत क्रीडाशिक्षक नाही तिथे वर्गशिक्षकही एवढे करू शकतात. स्टॉपवॉच प्रत्येक मोबाइलमध्ये असते.

तालुका स्पर्धेत बाद झालेल्या संघांतूनही चार-पाच चांगल्या खेळाडूंची नावे शिक्षकांनी लिहून ठेवावीत आणि प्रबोधिनीच्या चाचण्या जाहीर झाल्या की त्या घरांपर्यंत निरोप पोहोचवावा. पालकांनी जन्मदाखला आणि शाळेच्या रजिस्टरमधली तारीख जुळते का, हे आत्ताच पाहून घ्यावे. खेळाची प्रमाणपत्रे, अगदी तालुक्याची असली तरी, जपून ठेवावीत.

मालिकेतल्या फळ्यावर पहिल्या सामन्यात हरलेल्या उराराकाच्या नावापुढे २० लिहिलेले होते. पुढचे शिक्षण तिला त्या आकड्यामुळे मिळाले. आपल्या तालुक्यात पहिल्या फेरीत हरलेल्या मुलीच्या नावापुढे एक जरी आकडा, तिच्या धावेची वेळ, कुणी लिहून ठेवला, तरी पुढच्या जूनमध्ये तिला हाक मारता येईल.