जुन्या ‘शेर्पा’ची निगा

पाय जमिनीस न टेकविता खडकाळ वाट पार करण्याच्या ज्या स्पर्धेत वेगास महत्त्व नाही, त्या ‘ट्रायल्स’साठी स्पेनच्या बुलटाको कारखान्याने बेलफास्टच्या सॅमी मिलर यांच्या साहाय्याने सिद्ध केलेली, आणि १९६५ साली स्कॉटलंडच्या सहा दिवसांच्या स्पर्धेत त्यांना विजयी करणारी ‘शेर्पा’ मोटारसायकल घरी पुनरुज्जीवित करू पाहणाऱ्याने रंगरोगणाचा मोह आवरून प्रथम क्रँकशाफ्टच्या ऑइल सीलची खातरजमा करावी; कारण ते टणक झाले की फटीतून हवा शिरते, पेट्रोल व त्यात मिसळलेले वंगण अपुरे पडते, आणि तापलेला पिस्टन जाम होतो. फायबरग्लासच्या टाकीची तजवीज निराळी: इथेनॉलमिश्रित पेट्रोल तिची राळ मऊ करते, तो चिकट अंश कार्बुरेटरच्या जेटात साचतो, सबब गाडी दीर्घकाळ उभी ठेवताना टाकी रिती करावीच.