दाताची खूण दिसत नाही तेव्हा

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंदला मुक्कामी येते ती पावसाच्या दिवसांत. हजारो वारकरी जमिनीवरच पथारी टाकतात. मण्यार हा सापही याच दिवसांत रात्री भक्ष्यासाठी फिरतो आणि बहुधा झोपेतल्या माणसालाच चावतो. दंश दुखत नाही, सुजत नाही, कित्येकदा दाताची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळा येऊ लागतात आणि डॉक्टरला ठरवावं लागतं, हे पित्त की विष?

हाताशी असते ती वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. दोन मिलिलिटर रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं नळीला धक्का लावायचा नाही, मग ती एकदाच कलती करायची. रक्त पातळच राहिलं तर घोणस किंवा फुरशाच्या विषाचा दाट संशय. पण नळी साबणाने धुतलेली किंवा प्लास्टिकची असेल तर धडधाकट माणसाचंही रक्त न गोठण्याची शक्यता असते. उलट दंशानंतर लगेच पाहिलं तर विष भिनत असूनही गोठतं. शिवाय मण्याराचं विष रक्ताला नव्हे, मज्जातंतूंना बाधतं. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल’ याचा अर्थ ‘मण्यार चावला नाही’ असा होतच नाही. अशा वेळी ‘अजून खात्री नाही, चोवीस तास इथेच राहा’ म्हणणारा डॉक्टरच शास्त्राला धरून बोलतो. तो चाचणी पुन्हा पुन्हा करतो, पापण्या जड होताहेत का, मान उचलता येते का, एका दमात किती आकडे म्हणता येतात, हे बघत राहतो.

मग सरसकट प्रतिविष देऊन मोकळं का होऊ नये? कारण ते घोड्याच्या रक्तापासून बनतं. त्याची तीव्र रिअ‍ॅक्शन येऊन रक्तदाब कोसळू शकतो. आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. मात्र मण्याराचं विष मज्जातंतूंच्या टोकांना एकदा भिडलं की झालेलं नुकसान प्रतिविषाने भरून निघत नाही. म्हणून पापणी मिटू लागली की सापाच्या नावासाठी न अडता प्रतिविष द्यायचं. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरही चालतं.

‘खात्री नाही’ म्हटलं तर नातेवाईक पेशंटला मांत्रिकाकडे हलवतील, ही भीती खरी आहे. पण ‘काही नाही, घरी जा’ हे ऐकून निघालेल्याचा श्वास वाटेत अडखळला, तर त्याला व्हेंटिलेटरपर्यंत कोण नेणार? कशाची वाट पाहतोय आणि काय दिसलं की काय करणार, हे घरच्यांना तिथेच समजावता येतं. पुढे हलवायची वेळ आलीच, तर प्रत्येक चाचणीची वेळ आणि पापणी कधी जड झाली ते केसपेपरवर लिहून १०८ रुग्णवाहिकेत सोबत द्यावं, म्हणजे पुढच्या डॉक्टरला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.