दौऱ्याहून परतल्यावर

हैदराबादजवळील पाटणचेरू येथे १९७२ साली 'इक्रिसॅट' ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था स्थापन झाली. आशिया व आफ्रिकेतील अनेक देशांचे प्रशिक्षणार्थी तेथे एकत्र राहिले, एकत्र शिवारे हिंडले व आपापल्या देशी परतले. प्रशिक्षणाची खरी परीक्षा या परतीनंतरच होते.

काळ्या भारी जमिनीसाठी तेथे रुंद वरंबा-सरी पद्धत विकसित झाली. वरंबा सुमारे १०० सेंटिमीटर व सरी ५० सेंटिमीटर रुंद. जादा पाणी सरीवाटे निघून जाते व वरंब्यावरील मुळांना हवा मिळते. पुढे इथिओपियातील काळ्या जमिनीत ही पद्धत नेण्याचे ठरले. परंतु पाटणचेरूचे चाकांचे औजार तेथील लहान शेतकऱ्यास परवडणारे नव्हते. म्हणून १९८० नंतरच्या दशकात तेथील दोन पारंपरिक नांगर एकमेकांस जोडून वरंबे पाडण्याचे बैलऔजार बनविण्यात आले. तत्त्व बाहेरचे, औजार घरचे!

वाशीम जिल्ह्यातील केनवडच्या परिसरातही कोरडवाहू सोयाबीनला कधी साचलेले पाणी, तर कधी पावसाचा खंड बाधतो. अशा गावी दौऱ्याहून परतलेल्या कार्यकर्त्याने केवळ छायाचित्रे दाखवून थांबू नये. एखाद्या शेतकरी बंधूच्या शेतात नेहमीच्या पेरणीशेजारी वरंबा-सरीचा एक पट्टा घ्यावा. जमिनीचा उतार पाहून सरीचे पाणी सुरक्षित जागी काढावे. दोन्ही पट्ट्यांचा खर्च व उत्पन्न वेगवेगळे लिहून ठेवावे आणि काढणीच्या दिवशी गावकऱ्यांस बांधावर बोलवावे. शेजाऱ्यास पटले, म्हणजे प्रवास सार्थकी लागला.