नाव्ह्याचा वेढा आणि पैनगंगेची सरहद्द

इस्लापूरहून सहस्रकुंड जवळच. धबधब्याच्या अलीकडे नांदेड जिल्हा, पलीकडे यवतमाळचा उमरखेड तालुका. पावसाळ्यात दोन्ही तीरांवर गर्दी असते, पण ही नदी सरहद्द कधी आणि कशी झाली, याची आठवण फारशी कुणाला नसते. त्यासाठी जानेवारी 1819 मधल्या, हदगाव परिसरातल्या नाव्ह्याच्या वेढ्यापर्यंत मागे जावे लागते.

त्या काळी पैनगंगेचे दोन्ही काठ निजामाच्या अमलाखाली होते आणि डोंगराळ मुलखावर वचक होता तो हटकर नाईकांचा. निजामाचा पेशकार चंदुलाल याच्या कारभारात महसूल इजाऱ्याने दिला जाई. इजारदार रयतेला पिळून काढी आणि नाईकांच्या जुन्या हक्कांनाही हात घाली. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, तशी दख्खनेत चाकरी करणारे अरब शिपाई उघड्यावर पडले. त्यांतले पाचशेच्या आसपास हटकरांचे म्होरके नोवसाजी नाईक यांच्या पदरी आले. उमरखेडजवळ नाईकांची गाठ इंग्रज अधिकारी मेजर पिटमनच्या फौजेशी पडली. तिथे माघार घ्यावी लागल्यावर त्यांनी नाव्ह्याच्या गढीचा आसरा घेतला.

आपल्याकडची गढी म्हणजे पांढऱ्या मातीचे जाडजूड काम. दगडी तट तोफेने ढासळतो. मातीच्या भिंतीत मात्र गोळा रुतून बसतो. म्हणून अशा जागेला वेढा घालणारे आडोशाचे चर खणत इंचाइंचाने पुढे सरकत, सुरुंग पेरत आणि खिंडार पडले की हल्ला करत. नाव्ह्यापुढे काही आठवडे फौज खोळंबली. जानेवारी सरता सरता गढी पडली आणि आतल्या शिबंदीची भयंकर कत्तल झाली. नोवसाजी पकडले गेले, त्यांना हैदराबादला नेले आणि तिथेच त्यांचा अंत झाला.

नोवसाजींच्या मनात आजच्या अर्थाचे राष्ट्र होते, असे मी म्हणणार नाही. आपला मुलूख, आपले हक्क आणि परक्या पलटणीपुढे मान न तुकवण्याची जिद्द यांसाठी ते लढले. मराठवाड्याच्या स्वातंत्र्यलढ्याचा आरंभ इथून धरायला माझ्या मते तेवढे पुरे आहे.

पुढची कथा पैशाची आहे. नाव्ह्यापुढे लढणाऱ्या पिटमनच्या फौजेत रसेल ब्रिगेड होती. हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट हेन्री रसेल याने ती उभी केली. हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा आणि पगार निजामाच्या तिजोरीतून. तिजोरीत खडखडाट झाला की पामर कंपनीसारखे सावकार जबर व्याजाने पैसा पुरवत. याच पलटणींची पुढे हैदराबाद कंटिन्जंट झाली आणि तिच्या खर्चाचे देणे फुगत गेले. अखेर 21 मे 1853 च्या तहाने निजामाला पैनगंगेपलीकडचे वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावे लागले. एका मुलखाचे दोन तुकडे झाले आणि पैनगंगा सरहद्द ठरली.

आणि शंभरेक वर्षांनी हीच सरहद्द निजामाच्या अंगाशी आली! 15 ऑगस्ट 1947 नंतर पैलतीर स्वतंत्र भारतात होता, ऐलतीरी निजामाची सत्ता आणि तिचे सशस्त्र पाठीराखे रझाकार होते. स्वामी रामानंद तीर्थांच्या हैदराबाद स्टेट काँग्रेसने सरहद्दीवर केंद्रे उघडली, त्यांत उमरखेडही होते. स्वातंत्र्यसैनिकांनी 30 जानेवारी 1948 ला निजामी हद्दीतल्या उमरीच्या बँकेवर घातलेली धाड याच काळातली. 1819 मध्ये नाईक गढीत कोंडले गेले होते, कारण पाठीमागे सुरक्षित भूमी नव्हती. 1948 च्या स्वातंत्र्यसैनिकांना ती होती. घाव घालायचा आणि नदी ओलांडायची, हे त्यामुळेच जमले. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाने शरणागती पत्करली.

रसेलच्या पलटणींना ‘नोवाह’ हा रणसन्मान मिळाला, तो लष्करी इतिहासात नोंदला गेला. वेढ्याची हकीकत आपण वाचतो तीही बहुतांशी इंग्रजांच्याच कागदांतून. हदगाव, किनवट, उमरखेड भागात नाईकांची घराणी आहेत. कुणाच्या घरी जुने मोडी कागद, सनदा, वंशावळी असतील तर त्या रद्दीत घालू नका; मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. आणि गावच्या गढीची पांढरी माती गाडीत भरून नेण्याआधी निदान तिची मापे घ्या, फोटो काढून ठेवा.