एका ‘अ’चें मोल

संस्कृतांत शब्दाच्या आरंभीं ‘अ’ आला म्हणजे बहुधा अभाव उत्पन्न होतो. ज्ञानाचें अज्ञान होतें, धर्माचा अधर्म होतो. इंग्रजींत मात्र एक स्थळ असें आहे कीं, तेथें ‘अ’ येऊन उभा राहिला म्हणजे अभावाचाच भाव होतो. ‘लिटल’ म्हणजे जवळजवळ नाहींच. ‘अ लिटल’ म्हणजे थोडें कां होईना, पण आहे. ‘फ्यू’ म्हणजे विरळा कोणी. ‘अ फ्यू’ म्हणजे कांहीं जण तरी. आपलीं मुलें हा भेद परीक्षेपुरता पाठ करितात व पुढें विसरतात. वस्तुतः तो संसारांत पदोपदीं उपयोगी पडणारा आहे. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें.

प्रथम साधा नियम सांगतों. जें एक, दोन, तीन असें मोजतां येतें त्यास ‘फ्यू’. जें मापानें किंवा नुसत्या मनानें जोखावें लागतें त्यास ‘लिटल’. आंबे, माणसें, दिवस हीं पहिल्या वर्गांतलीं. दूध, पाऊस, धीर हीं दुसऱ्या. आपल्या ‘थोडा’ शब्दास दोन्ही कामें करावीं लागतात. म्हणून ‘थोडे आंबे’ याचें भाषांतर विद्यार्थी ‘लिटल मँगोज’ असें करितो, आणि त्याचा अर्थ होतो ‘चिमुकले आंबे’! आकाराविषयीं बोलतांनाही ‘स्मॉल’ आणि ‘लिटल’ एक नव्हेत. ‘स्मॉल हाऊस’ म्हणजे लहान घर. ‘लिटल हाऊस’ म्हणजे घरकुल. पहिल्यांत गजकाठी आहे, दुसऱ्यांत बहुधा माया आहे.

आतां त्या ‘अ’कडे वळूं. आमचा सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेंतला. मंगळवेढ्याच्या ज्या ज्वारीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ती काळ्या रानांत पावसाळ्याच्या अखेरीस पेरतात आणि पुढें ती जमिनींत मुरलेल्या ओलीवर येते. अशा वेळीं गांवाहून ‘लिटल रेन’ झाल्याचें पत्र आलें, तर पेरणीची आशा सोडावी. ‘अ लिटल रेन’ झाल्याचें आलें, तर पाभर बाहेर काढावी. पर्जन्यमापकांतील पाणी दोन्ही वेळां तेवढेंच असूं शकेल! तात्पर्य, हे शब्द माप सांगत नाहींत. त्या मापाकडे पाहणाऱ्याचें मन सांगतात.

शेताहूनही नाजूक प्रसंग रुग्णशय्येचा. पूर्वीं तारेस शब्दागणिक दाम पडे, म्हणून लोक बारीक शब्द गाळीत. ‘अ लिटल होप’ यांतील ‘अ’ गळाला कीं आशेची निराशा झालीच. तार वाचणाऱ्या घरांत रडारड व्हावयास तेवढें पुरे. १५ जुलै २०१३ पासून आपल्या देशांतील तारसेवा बंद झाली. परंतु घाईची संवय गेली नाहीं. मोबाईलवरील संदेशास शब्दागणिक दाम पडत नाहीं, तरी काटकसर तीच! परगांवच्या आप्तांस दुखण्याविषयीं इंग्रजींत कळवितांना हा एक ‘अ’ जपावा, अशी आमची विनंती आहे.

हा भेद मराठीस परका आहे असें मात्र कोणी समजूं नये. ‘पीठ आहे थोडें’ म्हणणारी सून पाहुण्यास जेवावयास बसवून घेते. ‘पीठ थोडेंच आहे’ म्हणणारी मुलास गिरणीवर पिटाळते. डब्यांतील पीठ तेंच. इंग्रज जें काम ‘अ’कडून करून घेतो, तें आपण ‘च’, ‘तरी’, ‘कां होईना’ यांजकडून करून घेतों. आरंभीं आम्हीं ‘चार शब्द’ म्हटलें, तेही मोजून चार नव्हेत. आपले ‘चार दिवस’ आणि ‘दोन घास’ हे इंग्रजांच्या ‘अ फ्यू’ आणि ‘अ लिटल’ यांचेच सोयरे. ‘द लिटल’ याला तर आपल्याजवळ फारच सुंदर जोड आहे: ‘होतें नव्हतें तेवढें’.

अमरकोशांत अल्प, स्तोक, क्षुल्लक, सूक्ष्म, कृश, तनु, लव, लेश, कण, अणु असे शब्द एकाच ठिकाणीं गुंफिले आहेत. पण तेथेंही लेश म्हणावयाच्या जागीं अणु म्हणून चालत नाहीं. आमच्या सोलापुरांतील कानडी शेजारी ‘थोडें’ या अर्थीं रोज ‘स्वल्प’ म्हणतात. म्हणजे संस्कृतांतील शब्द आजही बाजारांत खणखणीत चालतो आहे.

मुलांस हा विषय शिकवितांना व्याकरणाचें पुस्तक घटकाभर मिटावें आणि एकच कसोटी द्यावी. मराठी वाक्यांत ‘थोडें’ला ‘च’ शोभत असेल, तर इंग्रजींत ‘अ’ गाळावा. ‘तरी’ शोभत असेल, तर ‘अ’ घालावा. ‘थोडाच वेळ उरला’ येथें ‘लिटल’. ‘थोडा तरी वेळ आहे’ येथें ‘अ लिटल’. एवढें साधलें, तर मुलगा पेपरांत चुकणार नाहीं, आणि पुढें घरच्या दुखण्याची बातमी लिहितांनाही चुकणार नाहीं.