सुवर्णदुर्ग : आरमाराचे बेट

दापोलीहून हर्णैकडे निघाले की आसूदच्या पोफळीच्या बागा मागे पडतात, रस्ता उतरू लागतो आणि एका वळणावर समुद्र दिसतो. त्या समुद्रात किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरापलीकडे एक काळी, लांबट रेघ उभी असते. तिच्यावर हिरवी झाडी असते आणि चहूबाजूंनी तट असतो. हा सुवर्णदुर्ग. बेट उणेपुरे आठ एकरांचे. तरीही पेशवाईत आणि पुढे इंग्रजी अमलाच्या सुरुवातीच्या काळात आजूबाजूचा सारा मुलूख ‘सुवर्णदुर्ग तालुका’ म्हणूनच ओळखला जात होता. आठ एकरांच्या खडकाने आख्ख्या तालुक्याला नाव द्यावे, एवढा या जागेचा दरारा होता.

याचे कारण इथल्या भूगोलात आहे. रत्नागिरी जिल्ह्याचा किनारा म्हणजे खाड्या आणि समुद्रात घुसलेली डोंगरांची टोके. उघड्या समुद्रावर वारा उठला की गलबतांना आडोसा हवा असतो, आणि हर्णैच्या लहानशा खडकाळ उपसागरात तो मिळतो. बेट आणि किनारा यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात पाणी उथळ आहे आणि खडक लपलेले आहेत. वाटाड्या नसलेल्या परक्या जहाजाने तिथे शिरणे म्हणजे जिवाशी खेळ, आणि आरमाराला मुक्कामासाठी अशीच जागा लागते. म्हणून इथे एक नव्हे, चार किल्ले आहेत. पाण्यात सुवर्णदुर्ग, आणि त्याच्यासमोर किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. किनाऱ्यावरचे तिन्ही पहारेकरी हाती असल्याशिवाय बेट राखता येत नाही, आणि बेट गेले की त्या तिघांचा उपयोग उरत नाही. सुवर्णदुर्ग एकटा पाहून परतणाऱ्याला ही रचना कळतच नाही.

बेटावर होडीने जायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. धक्का नाही. गुडघाभर पाण्यात उतरून वाळूवर यावे लागते. महादरवाजा किनाऱ्याच्या बाजूला, पूर्वेकडे आहे, पण बुरुजांच्या आड असा दडवलेला की अगदी जवळ जाईपर्यंत नीट दिसत नाही. पायरीवर कासव कोरलेले आहे आणि दाराजवळच्या तटावर मारुती. आत पहारेकऱ्यांच्या देवड्या, पडक्या वाड्यांचे चौथरे, दारूचे कोठार आणि गोड्या पाण्याच्या विहिरी-टाक्या आहेत. भोवताली खारट समुद्र असताना बेटाच्या पोटात गोडे पाणी साठवता आले, म्हणून तर इथे शिबंदी महिनोन्‌महिने टिकून राहू शकत होती. पश्चिमेला, उघड्या समुद्राच्या अंगाला, चोरदरवाजा आहे.

तट मात्र थांबून पाहावा. खालचा काही भाग बेटाचाच कातळ तासून काढलेला आहे आणि त्यावर प्रचंड चिरे रचले आहेत. कातळ कुठे संपला आणि बांधकाम कुठे सुरू झाले हे काही ठिकाणी चटकन सांगता येत नाही. शतकानुशतके पावसाळ्यातल्या लाटा यावर आदळत आहेत. कोकणातल्या जलदुर्गांत सिंधुदुर्गाचा विस्तार मोठा आणि खांदेरीचे स्थान मोक्याचे, पण खडक आणि बांधकाम यांचा असा सांधा मला सुवर्णदुर्गातच सर्वांत सुंदर वाटतो.

१६६० च्या सुमारास शिवाजी महाराजांनी हा किल्ला आदिलशाहीकडून घेतला आणि त्याची डागडुजी करून तो आरमाराचा बळकट तळ केला. पण सुवर्णदुर्गाचा खरा माणूस कान्होजी आंग्रे. त्यांचे वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. सतराव्या शतकाच्या अखेरच्या धामधुमीत किल्लेदार अचलोजी मोहिते जंजिऱ्याच्या सिद्दीला फितूर झाला. तेव्हा तरुण कान्होजींनी शिबंदीला हाताशी धरून फितुरी मोडून काढली आणि किल्ला वाचवला. सिद्दीवर चालून जाताना ते पकडले गेले, पण निसटले आणि पोहत किल्ल्यावर परतले, असेही परंपरा सांगते. पुढे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, झालेल्या या माणसाने इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी या तिघांनाही पश्चिम किनाऱ्यावर जरब बसवली. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी त्यांना छत्रपती शाहूंच्या बाजूला वळवले. १७२९ मध्ये कान्होजी वारले. तोवर त्यांच्या दस्तकाशिवाय, म्हणजे परवान्याशिवाय, या किनाऱ्यावरून व्यापारी गलबत नेणे धोक्याचे होते.

त्यांचा मुलगा तुळाजी पराक्रमी होता, पण पेशव्यांशी त्याचे पटले नाही. मग नानासाहेब पेशव्यांनी त्याच्याविरुद्ध मुंबईकर इंग्रजांशी हातमिळवणी केली. २२ मार्च १७५५ रोजी कमोडोर विल्यम जेम्स ‘प्रोटेक्टर’ हे ४४ तोफांचे जहाज घेऊन मुंबईहून निघाला. जमिनीवर पेशव्यांच्या बाजूने रामाजी महादेव होते. एप्रिलच्या सुरुवातीला मारा सुरू झाला. पश्चिमेकडून तट दाद देईना, तेव्हा जेम्सने पाण्याची खोली मोजून बेट आणि किनारा यांच्यामधल्या त्याच चिंचोळ्या पट्ट्यात जहाज घातले. एका गोळ्याने आतले गवती छप्पर पेटले, आग पसरत दारूगोळ्यापर्यंत गेली आणि मोठा स्फोट झाला. मग किल्ला पडायला वेळ लागला नाही. करारानुसार तो पेशव्यांना मिळाला आणि सावित्रीच्या मुखावरचे बाणकोट इंग्रजांकडे गेले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, विजयदुर्गावर आंग्र्यांचे आरमार जळाले.

तुळाजीची बाजू घेण्याचे कारण नाही. त्याच्या उद्दामपणाचे दाखले आहेत. पण घरचे भांडण मिटवण्यासाठी आपल्याच आरमाराचा कणा परक्याच्या तोफांनी मोडू देणे ही पेशव्यांची घोडचूक होती, आणि तिची किंमत नंतरच्या सगळ्यांनी मोजली. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पराभव केल्यावर पेशवे दुसरे बाजीराव महाडमार्गे याच सुवर्णदुर्गाच्या आसऱ्याला आले. इथून ते इंग्रजी जहाजातून वसईला गेले. ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला आणि पेशवाईचे स्वातंत्र्य जवळजवळ संपले. ज्या बेटावर कान्होजी मोठे झाले, तिथूनच शेवटचा पेशवा इंग्रजांच्या जहाजात चढला. कोकणच्या इतिहासात याहून जिव्हारी लागणारी जागा मला दुसरी दिसत नाही. १८१८ पर्यंत हा सगळा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला.

लंडनच्या शूटर्स हिल भागात एक तिकोनी मनोरा आहे. जेम्सच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने १७८४ मध्ये तो पतीच्या स्मरणार्थ बांधला आणि त्याला सुवर्णदुर्गाचेच नाव दिले, ‘सेव्हर्नद्रूग’. तो आज नीट राखलेला आहे. जिंकणाऱ्याने आठवण जपली. आपल्या बाजूने मात्र किल्ल्यात कान्होजींची गोष्ट नीट सांगणारा कोणी सोबत असेलच असे नाही.

किनाऱ्यावरचे तीन किल्ले झटपट होतात. गोवा किल्ल्याची तटबंदी चांगली टिकून आहे आणि तिच्यावरून सुवर्णदुर्ग समोर दिसतो. फत्तेगडावर आता कोळी बांधवांची वस्ती आहे. कनकदुर्गावर काळ्या दगडाचे बुरूज आणि दीपगृह आहे. दीपगृहाच्या पायथ्याशी उभे राहिले की एका अंगाला हर्णै बंदरातल्या रंगीत होड्या आणि दुसऱ्या अंगाला मुरूडचा लांबलचक किनारा दिसतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण त्या मुरूडमध्ये गेले. संध्याकाळी हर्णैच्या पुळणीवर मासळीचा लिलाव भरतो. सुरमई, पापलेट, बांगडा आणि कोळंबीचे ढीग पडतात, कोळणींचा आवाज चढतो आणि थोड्या वेळात सगळा माल उठतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यातल्या नारळ-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पिढ्यांनी वाढवलेली झाडे एका दिवसात गेली. लोकांनी पुन्हा रोपे लावली.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत सुवर्णदुर्ग आहे. आता गर्दी वाढेल. बेटावर वाढलेली झाडी तटाचे चिरे उचकटते. ती जाणकारांच्या देखरेखीखाली काढायला हवी. चढ-उतारासाठी सोय करताना महादरवाज्यासमोर काँक्रीटचा ढीग होऊ नये. आणि हर्णैतल्याच तरुणांना मार्गदर्शक म्हणून तयार करावे, म्हणजे गोष्टही सांगितली जाईल आणि चार पैसे गावातच राहतील.

जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. कोकण रेल्वेने खेडला उतरून दापोलीमार्गे हर्णैला येता येते. पावसाळ्यात बेटावर होड्या जात नाहीत. आधी गोवा किल्ला पाहा, मग होडी ठरवा आणि भरती-ओहोटीची वेळ तांडेलाला विचारूनच निघा. बेटावर दुकान नाही, म्हणून पिण्याचे पाणी सोबत न्या आणि रिकाम्या बाटल्या परत आणा.